दरवाजाआधी रपटा

1 ऑक्टोबरला पेंच राष्ट्रीय उद्यान उघडते, अशी बातमी दरवर्षी येते. फोटोही ठरलेला: हार घातलेली जिप्सी, फुटलेला नारळ, हसरे पर्यटक. दरवाजा उघडायला एक माणूस आणि एक किल्ली पुरते. आतला रस्ता उघडायला मात्र सप्टेंबरचा उत्तरार्ध खर्ची पडतो. ते काम कुणी पाहत नाही, कारण जुलै ते सप्टेंबर गाभ्यात पर्यटकांना बंदी असते. मी रीतसर परवानगी काढून छिंदवाड्याच्या बाजूच्या जमतऱ्याकडून आत गेलो, ते हे काम बघायलाच.

पावसाने रस्ता तुटला म्हटले की मराठी माणसाला सह्याद्रीतली दरड आठवते. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरात चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस कोसळला, आंबेनळी घाट जागोजागी तुटला आणि कित्येक आठवडे बंद राहिला. आमचा सातपुडा तेवढा उभा नाही. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानी घाटात पावसाळी धोंडे सुटून रस्त्यावर येतात. जेसीबी ते लोटून देतो आणि नागपूरच्या गाड्या पुन्हा धावू लागतात. जंगलाच्या आत मात्र वेगळाच प्रकार. तिथे डोंगर रस्त्यावर येत नाही, नाला रस्ता खातो. तोही खालून.

पेंच नदी उद्यानाच्या मधोमध वाहते. एका अंगाला शिवनी जिल्हा, दुसऱ्याला छिंदवाडा. तोतलाडोह धरणाने 72 चौरस किलोमीटर जमीन बुडवली, त्यातली 54 मध्य प्रदेशातली. दोन्ही बाजूंचे नाले नदीकडे नाहीतर या जलाशयाकडे धावतात आणि कच्चे रस्ते त्यांना आडवे जातात. जिथे छेद, तिथे रपटा, म्हणजे बुटका फरशी पूल. त्यावरून पाणी वाहावे अशीच त्याची रचना असते. पण वरून आलेले पाणी पलीकडच्या कडेवरून खाली पडते, पडते तिथे खड्डा करते, आणि तो खड्डा हळूहळू रपट्याच्या पोटात शिरतो.

म्हणून दुरुस्तीला आलेल्या मजुरांच्या टोळीचे पहिले काम भरायचे नसते, ठोकायचे असते. टोळीचा मुकादम, म्हणजे मेट, सब्बल घेऊन रपट्यावर फिरत होता, दर हातभर अंतरावर टोला. बहुतेक ठिकाणी खणखणीत आवाज, एका कोपऱ्यात बद्द. मला तो कोपरा बाकीच्यासारखाच धडधाकट दिसला. मेट म्हणाला, "भाऊ, वरून पाहून काई समजत नाई. खालून पोकळ रायते." त्याने फरशी उचकटली. खाली हात कोपरापर्यंत गेला.

मग ते खणत गेले, घट्ट जमीन लागेपर्यंत. वरच्या अंगाला वाळूची पोती रचून पाणी बाजूला वळवले होते. तळाशी मोठे धोंडे, आडवे नाही, उभे ठोकलेले. त्यांच्या फटीत चिपा, त्यावर मुरूम, पाणी, धुम्मस. पुन्हा थर, पुन्हा धुम्मस. पाणी पडते त्या बाजूला लोखंडी जाळीत दगड भरून पायथा बांधला. दगड कुठले? गाभ्यात नवी खाण खोदता येत नाही. नाल्याने जे खाली ओढून नेले तेच घमेल्यांनी परत वर आणायचे. हे दृश्य पाहताना हसू येते, पण हिशेब चोख आहे.

चढावर दुसरे काम चालले होते: रस्त्यावर तिरके बुटके बांध घालायचे, म्हणजे उतारावरून धावणारे पाणी चाकोरीत न शिरता बाजूच्या झाडीत जाईल. पर्यटक त्यांना गतिरोधक समजतात. वेग कमी होतो हे खरे, पण तो वरचा नफा. मेटचे सगळे शास्त्र एका वाक्यात होते: "पाण्याले रस्ता देल्ला का थे आपला रस्ता नाई नेत."

पडलेल्या झाडांबाबतही शिस्त. सागाचे खोड आडवे झाले असेल तर रस्त्याच्या रुंदीएवढेच कापायचे आणि कडेला ढकलायचे. लाकूड बाहेर जात नाही, वाळवीच्या वाट्याला जाते. घाणेरी आणि वाढलेला तरोटा वळणांवर छाटायचा, कारण तिथे समोरचे दिसले पाहिजे, गाडी असो की गवा. टोळी पांगत नाही. कुणीतरी सतत मोठ्याने बोलत असतो, आणि सोबतच्या नाकेदाराचे, म्हणजे वनरक्षकाचे, लक्ष कामाकडे कमी, झाडीकडे जास्त. ताज्या मुरुमावर सकाळी पंजे उमटलेले दिसले तर तो आधी ते पाहतो, मग धुम्मस चालते.

यंत्राने हेच लवकर होते, हा युक्तिवाद मी ऐकलाय. घाईने मुरूम ओतलेली एक जागाही पाहिली: वरून सपाट, देखणी, आणि एका जोरदार सरीने मधोमध चिरलेली. माझे मत विचाराल तर जंगलात भरावावर पैसा घालणे म्हणजे नाल्याला खाऊ देणे. पैसा दगडी पायथ्याला आणि पाण्याच्या वाटेला द्यावा.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा: परतीचा पाऊस झाला तर एखादा मार्ग ऐनवेळी बंद मिळेल. दरवाजावर वाद घालू नका. दुसऱ्या मार्गाने जा, आणि रपट्यावर चालकाला गाडी हळू घ्यायला सांगा.