न उभा राहिलेला आठव्या नंबरचा खांब

मुंबईत वरळीला कोस्टल रोड सी लिंकला जाऊन मिळतो, तिथे पुलावर पोलादी कमानी दिसतात. त्यातली पहिली एप्रिल 2024 मध्ये बार्जवरून आणून बसवली: 136 मीटर लांब, सुमारे 2000 टन वजनाची. मूळ आराखड्यात इथे दोन खांबांमध्ये 60 मीटरच अंतर होतं. ते वाढलं, कारण आठव्या नंबरचा खांब गाळावा लागला. सातव्या आणि नवव्या खांबांमधला गाळा 120 मीटरचा झाला. एवढ्या अवाढव्य प्रकल्पाचा खांब गाळायला लावला तो वरळी कोळीवाड्यातल्या छोट्या बोटवाल्यांनी आणि त्यांच्या सहकारी सोसायट्यांनी!

वरळीच्या टॉवरांत ज्या कंपन्या बसतात, तिथे ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त. कोळीवाड्यातल्या सोसायटीत मात्र शेअर कितीही असोत, माणसामागे मत एकच. इंग्लंडात 1844 साली रॉचडेलच्या विणकरांनी दुकान काढलं, तेव्हापासून सहकाराने हा नियम उराशी धरला. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी कायद्यातही तो आहे. सोबत आणखी लगाम आहेत: नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायचा, लाभांश साधारणपणे 15 टक्क्यांवर न्यायचा नाही. पैशाने माणसाची किंमत ठरू नये, ही आधी भावना होती. पुढे ती कलमं झाली, हे मला फार थोर वाटतं.

अशा सोसायटीचा रोजचा कारभार साधाच असतो, डिझेलच्या परताव्याचे कागद वगैरे. खरी कसोटी लागते ती प्रकल्पाची भरपाई की मोकळी वाट, अशी निवड करायची वेळ येते तेव्हा. भरपाई माणसागणिक वाटता येते; क्लीव्हलँड बंदरातून खोल समुद्रात जायची वाट मात्र सगळ्यांची एकच. वारा आणि पाण्याची ओढ असली की छोटी बोट सरळ रेषेत जात नाही, ती बाजूला लोटली जाते, आणि अरुंद गाळ्यात बाजूला असतो तो खांब. म्हणून कोळ्यांनी मागितलेलं अंतर होतं 200 मीटर.

त्याआधी लढाई न्यायालयातही झाली. वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटी याचिकाकर्त्यांत होती. 16 जुलै 2019 ला मुंबई उच्च न्यायालयाने कोस्टल रोडची किनारा नियमन मंजुरी रद्द केली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. तरी खांबांच्या अंतराचा आग्रह कोळ्यांनी सोडला नाही. समुद्रात बोटी आडव्या घालून त्यांनी काम रोखलं. अखेर 120 मीटरवर तडजोड झाली. हे अंतर मागणीच्या निम्म्याहून थोडं जास्त, पण आराखड्याच्या दुप्पट.

मात्र माणसामागे एक मत या समतेला अजून पुढे जायचं आहे. जी वाट मोकळी राहिली, तिच्यावर बोटीच्या मालकाइतकंच पोट अवलंबून आहे ते खलाशाचं आणि मासळीची पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या कोळणीचं. बोट ज्याच्या नावावर नाही, त्याचं आणि तिचं मतही सोसायटीच्या सभेत मोजलं जायला हवं.