हातात वल्हं, समोर कर्ली!

वीकएण्डला पुन्हा तोच मॉल, तेच मल्टिप्लेक्स? यंदा पाण्यावर जाऊन बघा. पोहता येत नसलं तरी!

‘कयाकिंग? पण मला पोहता कुठे येतं?’ आपल्यापैकी बहुतेकांची गाडी इथेच अडते. माझीही अडली होती. शेवटी तारकर्लीला जायचं ठरलं, ते कर्ली नदीच्या भरवशावर. देवबागला ही नदी समुद्राला मिळते. त्याच्या अलीकडे खाडीचं पाणी बऱ्यापैकी संथ असतं. काठाला माडांची रांग, पाण्यावर आपण. नवशिक्यांसाठी सॉलिड जागा!

आधी कयाक. लांबट, अरुंद होडी आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. इन्स्ट्रक्टरने लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले, मग जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढून बघितलं. ते कानांपर्यंत सरकलं, तर साइज मोठा! सुरुवातीला मी नुसत्या हातांनी वल्हवत होते. दहा मिनिटांत दंड भरून आले. ‘हात कमी, कंबर जास्त फिरवा,’ असं ऐकलं आणि होडी खरंच पळायला लागली. डावीकडे वल्हं मारलं की ती उजवीकडे वळते, हेही मग अंगवळणी पडलं.

नंतर पॅडल-बोर्ड. म्हणजे चक्क फळीवर उभं राहून वल्हवायचं! आधी गुडघ्यांवर, मग एकेक पाऊल मधोमध टेकवत, गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं. माझी नजर पायांवर, पाय लटपटलेले. ‘ताई, पायांकडे बगू नकात, माडांकडे बगा!’ आणि धप्प! नाकात खारट पाणी... पण पुढच्याच क्षणी मी वर होते. जॅकेटने उचललं होतं, घोट्याला दोरीने बांधलेला बोर्डही हाताशीच होता. इतक्या वर्षांची पाण्याची भीती तिथेच निम्मी झाली. दुसऱ्यांदा उभी राहिले, ती माडांकडे बघतच.

उरलेली निम्मी भीती मात्र जपून ठेवा. खाडीत राज्य भरती-ओहोटीचं! ओहोटीला पाणी समुद्राकडे ओढतं, संगमाजवळ तर जास्तच. म्हणून आमची वेळ इन्स्ट्रक्टरने भरती बघून ठरवली, आमची सोय बघून नाही. बॉसचंही न ऐकणारे आपण, इथे निमूट ऐकायचं!

कसे जाल? कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून मालवणमार्गे तारकर्ली-देवबाग.
कधी? नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. शक्यतो सकाळी, वारा कमी असताना.
काय न्याल? पटकन सुकणारे कपडे, टोपी, सनस्क्रीन. मोबाइल काठावरच बरा!