उजनीच्या काठी एक दिवस

मुलांना तळं दाखवायचं म्हटलं, की आपण सोलापूरकर त्यांना सिद्धेश्वराच्या तलावाशी नेतो. फार तर हिप्परग्याला. पण मैत्रिणींनो, आपल्याच जिल्ह्यात, करमाळा आणि माढा तालुक्यांच्या कडेने, नजर पोचणार नाही एवढं पाणी पसरलेलं आहे. आपल्या हंड्याकळशांत ते येतं, आणि तरी आपल्यातल्या कितीतरी जणींनी ते नळाच्या तोटीखेरीज कुठे पाहिलेलंच नाही! होय, उजनीचंच पाणी. या वर्षी एक रविवार त्याच्यासाठी राखून ठेवा.

केव्हा आणि कसं जायचं?

गड्ड्याची जत्रा आटोपली, की जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. नुसतं धरण पाहायचं असेल, तर पुण्याच्या रस्त्यावर टेंभुर्णीच्या पुढे भीमानगर लागतं. पण पक्षी आणि निवांतपणा हवा असेल, तर धरणाच्या मागे पसरलेल्या फुगवट्याकडे जायला हवं. करमाळा तालुक्यातलं कुगाव, केत्तूर, वांगी ही त्याच्या काठची गावं. रेल्वेने जाणारीला जेऊर स्टेशन सोयीचं. पलीकडच्या, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या काठावर भिगवणजवळचं कुंभारगाव आहे. तिथले मच्छीमार होडीतून पक्षी दाखवायला नेतात.

पाणी ओसरू लागलं, की काठचा चिखल उघडा पडतो आणि त्यातल्या बारीक जीवांसाठी रोहित पक्षी उतरतात. यांनाच अग्निपंखही म्हणतात. उंच काटकुळे पाय, लांब मान आणि पंखाखाली लपवलेला तो लालबुंद रंग! डोकं उलटं करून, चोचीने पाणी गाळून ते खातात. मुलांना मुद्दाम दाखवा. आपण चहा गाळतो ना, तसाच प्रकार! त्यांचा गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो. शिवाय हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, चमच्यासारख्या चोचीचे चमचे, चित्रबलाक, असे किती सांगू? सकाळी लवकर पोचा. ऊन चढलं की पक्षी दूर जातात.

पाण्याखालचं माहेर

पण बाई, हे पाणी देवाने दिलेलं तळं नव्हे. ते माणसांनी अडवलेलं आहे. ७ मार्च १९६६ रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते धरणाचं भूमिपूजन झालं आणि १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. म्हणूनच जलाशयाचं नाव यशवंतसागर. पूर्ण भरलं, की यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतं. त्यातलं ६३ अब्ज घनफुटांच्या आसपास तळाशी राहणारं, ज्याला मृतसाठा म्हणतात. आपल्याकडे पावसाचा टिपूस नसतानाही धरण भरतं, कारण पाणी येतं ते भीमाशंकर आणि मावळाच्या डोंगरांतून.

या पाण्यावर आपल्याकडचा ऊस उभा राहिला, शहराची तहान भागली. पण त्यासाठी भीमाकाठची कितीतरी गावं उठली. घरं, वाडे, देवळं, काळीभोर मळईची रानं, सगळं पाण्यात गेलं. जिरायती म्हणून हिणवलेल्या आपल्या जिल्ह्यातली ही बागायती रानं, बरं का! ज्या लेकी आधीच सासरी गेल्या होत्या, त्यांचं काय झालं असेल? आईवडील नव्या गावठाणात भेटले. पण ज्या झाडाला पंचमीचा झोका बांधला, ज्या पाणवठ्यावर सुखदुःखं बोलली, तिथे परत जाण्याची वाटच उरली नाही.

दुष्काळात मात्र ती वाट उघडते. समोरच्या काठावर, इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं प्राचीन मंदिर पाण्यात आहे. देव नव्या गावात नेला, देऊळ मागे राहिलं. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्याही खूप खाली गेलं, तेव्हा ते शिखरासह मोकळं झालं आणि माणसं पायी जाऊन पाहून आली. कुगावचा जुना इनामदार वाडाही असाच डोकं वर काढतो. शहराच्या तोंडचं पाणी पळतं तेव्हा एखाद्या आजीला तिचं गाव दिसतं. असा हा विचित्र हिशेब आहे.

होडीत बसण्याआधी

आपल्याला होडी म्हणजे मौज. काठच्या बायकांना ती एस.टी.सारखीच. रस्त्याने जायचं तर केवढा तरी वळसा पडतो. म्हणून बाजार, दवाखाना, सोयरेधायरे सगळं होडीवर चालत आलं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून पलीकडच्या कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण दगावले. त्यांत लहान मुलंही होती. ही आठवण ठेवून एवढं पाळाच:

तरंगण्याचं जाकीट प्रत्येकाच्या, मुलांच्यासुद्धा, अंगात असल्याखेरीज होडीत पाय ठेवू नका. मुलाच्या मापाचं नसेल तर त्याला काठावरूनच पक्षी दाखवा. दुपारनंतर वारा सुटला किंवा आभाळ भरून आलं, तर "पैसे दिलेत ना" म्हणून नावाड्याला गळ घालू नका. फोटोसाठी होडीत उभं राहू नका. काठच्या गाळात पाय खोल रुततो, तेव्हा मुलांना एकटं सोडू नका.

पिण्याचं पाणी घरूनच न्या; पुण्याकडच्या शहरांचं सांडपाणी नद्यांतून इथवर येतं. शिदोरीला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि धपाटे. हे सारं दिवसभर टिकतं आणि ताटवाट्यांचा पसारा लागत नाही. टोपी, जुनी चप्पल, कपड्यांचा एक जादा जोड घ्या. कचरा पिशवीत भरून परत आणा, आणि पक्षी उडवण्यासाठी टाळ्या पिटू देऊ नका.

आणि एक काम कराच. काठच्या गावात कुणी वयस्क बाई भेटली, तर तिला विचारा, "मावशी, तुमचं जुनं गाव कुठं होतं?" ती पाण्याकडे बोट दाखवील आणि बोलू लागेल. मुलांना तिच्याजवळ बसवा. नळाला पाणी येईल त्या दिवशी त्यांना ती मावशी आठवली, तर तोटी वाहती ठेवायला त्यांचा हात धजणार नाही.