वृद्धाश्रमांतील पडणें

सातारा व सांगली या जिल्ह्यांत वृद्धाश्रम आतां नवे राहिले नाहींत. मुलें पुण्यामुंबईस किंवा परदेशीं, आणि मोठ्या वाड्यांत माणसें दोन; अशा स्थितींत सुशिक्षित कुटुंबेंहि हा मार्ग पत्करूं लागलीं आहेत. तो योग्य कीं अयोग्य, या वादांत आम्ही शिरत नाहीं. तेथें गेलेलीं माणसें पडतात कां, एवढाच आमचा प्रश्न आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालाप्रमाणें पासष्टीपुढील शेंकडा २८ ते ३५ माणसें दर वर्षीं पडतात. अशा संस्थांत राहणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ३० ते ५० आहे. मात्र हे आंकडे वाचून संस्थेस दोष देण्याची घाई नको. तेथें येणारा बहुधा आधींच दुबळा झालेला असतो.

'फरशी ओली होती' हें कारण सांगावयास सोपें. परंतु त्याच फरशीवरून दहाजण नीट चालून गेलेले असतात! खरें कारण पुष्कळदां आदल्या रात्रीच्या गोळ्यांत असतें. एक झोंपेची, एक रक्तदाबाची, एक लघवी साफ होण्याची; प्रत्येक वैद्याची वेगळी. मध्यरात्रीं लघवीची घाई होते, म्हातारा झटकन उठतो, उठतांच रक्तदाब उतरून भोंवळ येते. हांक मारावी, तर लाज वाटते. त्यांत जागा नवी. घरीं चाळीस वर्षें अंधारांत न चुकतां मोरीकडे जाणारा पाय येथें उंबरठ्यास अडखळतो. दुहेरी भिंगाच्या चष्म्यांतून पायरी पुसट दिसते, धोतराचा सोगा पायांत येतो, हें निराळेंच. एकदां पडलेला पुन्हां पडण्याचा संभव तर फारच.

यावर पुष्कळ ठिकाणीं योजलेला उपाय म्हणजे, "आजोबा, उठूं नका, बसून राहा!" हेतु चांगला, पण आमच्या मतें हा उपाय रोगाहून वाईट. बसून राहिल्यानें मांड्यांतील बळ थोड्याच आठवड्यांत ओसरतें, आणि पुढच्या वेळीं उठतांना तोल जातो तो त्यामुळेंच. खुबा मोडला, कीं मिरज गांठावी लागते. डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ सालीं तेथें रुग्णालय काढल्यापासून या भागांतील रोगी तीच वाट धरीत आले आहेत. शस्त्रक्रिया उत्तम होते, पण त्यानंतर पूर्ववत् चालणें कित्येकांच्या नशिबीं नसतें.

काठीविषयीं थोडें सांगतों, कारण तीहि पुष्कळांस नीट धरतां येत नाहीं. सरळ उभें राहून हात खालीं सोडला असतां मूठ मनगटाशीं यावी, बुडाशीं रबराची टोपी असावी, आणि दुखऱ्या पायाच्या उलट हातांत ती धरावी. बहुतेक लोक दुखऱ्याच बाजूस धरतात.

आईवडिलांस पोंचवावयास जाणारे चिरंजीव पैसे, कपडे व छायाचित्रें बरोबर नेतात. त्याबरोबर एक कागदहि द्यावा: गेल्या वर्षीं कितीदां पडणें झालें, औषधें कोणकोणतीं, रात्रीं कितीदां उठावें लागतें, आणि घरीं पलंगावरून कोणत्या बाजूनें उतरण्याची संवय आहे. नव्या खोलींत तीच बाजू भिंतीशीं लावलेली आम्ही पाहिली आहे.