ज्यूस हीटरमधली सारखी वाट

निरवांगीच्या शिवारातला ऊस गाळला की रस कारखान्याच्या ज्यूस हीटरमध्ये जातो. नळ्यांतून रस, बाहेरून वाफ. आधी साधारण ७० अंश. चुना नि गंधकाचा धूर दिल्यावर १०० च्या पुढे.

खरी गोम प्रवाहात आहे. सगळ्या नळ्यांत एकदम रस सोडला, तर काही नळ्या जास्त ओढतात, बाकीच्या मंदावतात. दांडाजवळच्या सऱ्या भरून शेवटच्या कोरड्या राहाव्यात तसं. मंद नळीत क्षारांचा थर बसतो, वाट अरुंद होते, रस आणखी रेंगाळतो. म्हणून वरखालच्या झाकणांत आडपडदे घालून नळ्यांचे गट पाडतात. रस एकेका गटातून वर-खाली फिरतो, सेकंदाला दीड-दोन मीटर वेगाने. वाफेच्या बाजूला कोंडलेली हवाही काढावीच लागते, नाहीतर तेवढ्या नळ्या थंडच राहतात.