तंजावरचा मेरू आणि पर्वतांची मुळे

तंजावरच्या आसपास डोंगर नाही. कावेरीने आणि तिच्या फाट्यांनी आणून टाकलेल्या गाळाची सपाट जमीन, भाताची खाचरे, नारळीच्या रांगा, आणि या सपाटीत लांबून दिसणारे एकच शिखर, तेही माणसाने रचलेले. राजराज चोळाने १०१० साली पुऱ्या केलेल्या बृहदीश्वर मंदिराचे विमान सुमारे ६६ मीटर उंच आहे. चोळांच्या शिलालेखांत इथल्या देवाच्या नावाशी ‘दक्षिणमेरू’ जोडलेला आहे. मराठी वाचकाला हे मंदिर माहीत असते ते बहुधा दुसऱ्या सरफोजीराजांमुळे. भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी १८०३ साली याच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. त्यानंतर पाचच वर्षांनी याच विमानावर जे घडले ते मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. पर्वताचा बराच मोठा भाग जमिनीखाली असतो आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय वर दिसणाऱ्या उंचीचा अर्थ लागत नाही, हे आज भूविज्ञान ठामपणे सांगते. त्या निष्कर्षापर्यंत नेणाऱ्या मोजणीच्या वाटेवर तंजावर हे एक ठाणे होते.

इंग्रज मोजणीदार विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणांची साखळी टाकायला सुरुवात केली. या पद्धतीत एका उंचवट्यावरून दुसरा उंचवटा दिसावा लागतो. डोंगराळ मुलखात ते जमते. कावेरीच्या खोऱ्यात देवळांच्या शिखरांशिवाय पर्याय नव्हता. १८०८ साली अर्ध्या टनाचा थिओडोलाइट दोरखंडांनी तंजावरच्या विमानावर चढवताना एक दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. कोन वाचायची त्याची चकतीच वाकली. लॅम्ब्टनने तंबूत बसून कित्येक आठवडे ती ठोकूनठाकून सरळ केली आणि मोजणी पुढे नेली. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने ही साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोचवली. तिथे एक विचित्र तफावत हाती लागली. मध्य भारतातले कल्याणपूर आणि दिल्लीच्या उत्तरेचे कलियाना या दोन ठाण्यांमधले अंतर जमिनीवरच्या मोजणीतून एक येत होते, ताऱ्यांच्या वेधांवरून दुसरे. फरक कोनाच्या ५.२३६ सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर जेमतेम १६० मीटर. कोणी म्हणेल, शेकडो मैलांच्या कामात एवढी चूक व्हायचीच. पण या मोजणीची शिस्त अशी होती की एवढा फरक चूक म्हणून सोडून देणे कठीण होते.

कलकत्त्याचे पाद्री आणि गणिती जॉन प्रॅट यांनी संशय घेतला तो ओळंब्यावर. वेध घेताना ‘सरळ खाली’ म्हणजे कुठे हे ओळंबा सांगतो, आणि हिमालयासारखे प्रचंड वस्तुमान त्याला आपल्याकडे किंचित ओढणारच. त्यांनी हिशोब केला तेव्हा कोडे सुटायच्या ऐवजी वाढले. हिमालयाच्या ओढीने फरक जवळजवळ १६ सेकंदांचा पडायला हवा होता. प्रत्यक्षात त्याच्या एक तृतीयांशच होता. हिमालय जणू दिसतो त्यापेक्षा हलका होता. १८५५ साली इंग्लंडच्या जॉर्ज एअरी यांनी याचा उलगडा सुचवला. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकी जो पाण्यावर जास्त वर दिसतो तो पाण्याखालीही जास्त खोल असतो. तसेच हलक्या खडकाचे जाड कवच खालच्या जड थरात रुतून बसते, आणि वरच्या वजनाची भरपाई खालच्या हलक्या मुळाने होते. स्वतः प्रॅट यांना हे पटले नाही. खाली मूळ नसून पर्वताखालचा खडकच विरळ आहे, असे त्यांचे म्हणणे. समुद्रतळावरच्या लांबलचक पर्वतरांगांना ते बऱ्यापैकी लागू पडते, कारण तिथला खालचा भाग तापून फुललेला आहे. हिमालयाच्या बाबतीत मात्र निवाडा भूकंपाच्या लहरींनी केला. कवचाच्या खडकाची घनता २.८ आणि खालच्याची ३.३ धरली, तर एक किलोमीटर उंचीला साडेपाच किलोमीटरहून थोडे अधिक मूळ लागते. तिबेटचे पठार सरासरी पाच किलोमीटर उंच. म्हणजे नेहमीच्या ३५ ते ४० किलोमीटर कवचात आणखी २८ किलोमीटर मिळवायचे. लहरींवरून तिथले कवच ७० किलोमीटरच्या आसपास जाड निघते. कागदावरचा हिशोब इतका जुळावा, हे भूविज्ञानात रोज घडत नाही.

एवढे जाड मूळ येते कुठून? पृथ्वी निवत आकसते आणि तिच्या पृष्ठभागावर वळ्या पडतात, हे उत्तर एकोणिसाव्या शतकात बहुतेकांना पुरेसे वाटे. तसे असते तर डोंगर जगभर सारखे विखुरलेले दिसले असते. ते तर ठरावीक पट्ट्यांत आहेत, आणि ते पट्टे कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या आजच्या नाहीतर जुन्या सीमांवर पडतात. भारताचा तुकडा सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला, मधला टेथिस समुद्र मिटला, त्याचा तळ चुरगळून वर आला आणि टकरीत घडी पडून कवच जाडावले. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडकात सागरी जीवांचे अवशेष सापडतात ते यामुळे. आल्प्सची कथा याच घराण्यातली. अँडीज वेगळा: तिथे समुद्राचा तळ दक्षिण अमेरिकेखाली घुसतो, वर ज्वालामुखी पेटतात आणि सुमारे ७,००० किलोमीटरची रांग उभी राहते. उरल आणि अ‍ॅपलेशियन हे जुन्या टकरींचे झिजलेले अवशेष.

झीज म्हटली की एक रास्त शंका येते. पाऊस आणि नद्या डोंगर खात असतील, तर कोट्यवधी वर्षांत ते केव्हाच सपाट व्हायला हवे होते. इथे मूळ आपले काम करते. वरून १०० मीटर खडक गेला की भार कमी झाल्याने खालून सुमारे ८५ मीटर वर उचलला जातो, आणि उंची घटते ती पंधराच मीटर. मूळ संपेपर्यंत हे चालते, आणि तोवर एकेकाळी वीस-तीस किलोमीटर खोल असलेला खडक उन्हात येतो. तमिळनाडूत नेमके हेच झाले आहे. तंजावरच्या मंदिराला लागलेला दगड गाळाच्या जमिनीत मिळणे शक्यच नव्हते. तो तिरुचिरापल्ली-पुदुक्कोट्टैकडच्या खडकाळ भागातून आणला असावा. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन खंड जुळत असताना, मादागास्कर आणि श्रीलंका शेजारी असताना, या भागात मोठे पर्वत उभे राहिले होते. ते दिसत नसताना हे ठरवले कसे? दक्षिणेतल्या चार्नोकाइटसारख्या खडकांतली खनिजे ७०० अंशांहून अधिक उष्णतेत आणि प्रचंड दाबाखालीच तयार होतात. असा दाब जमिनीवर कुठेच नसतो. (या खडकाला नाव मिळाले ते कलकत्त्यातल्या जॉब चार्नॉकच्या थडग्यावरून, तो दगड मद्रासजवळच्या पल्लावरमचा.) पर्वताचा माथा गेला, मूळ उघडे पडले, आणि चोळांच्या पाथरवटांनी टाक्या चालवल्या त्या याच उघड्या पडलेल्या मुलखात.

महाराष्ट्रातला वाचक इथे सह्याद्री पुढे करील, आणि ते योग्यच आहे. सह्याद्री कोणत्याही टकरीतून झालेला नाही. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, सेशेल्सचा तुकडा तुटून पश्चिमेची कड खचली आणि पावसाने ती मागे मागे कोरत नेली. कोकणातून पाहिले तर ती भिंत, देशावरून पाहिले तर पठाराची कडा. तिथे शोधायचे ते टकरीत घडी पडून जाडावलेले मूळ नव्हे, तर कड उचलली का गेली याचे कारण, आणि त्यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. मग मुळाचा सिद्धान्त कोसळतो का? उलट त्यामुळेच सह्याद्री आणि हिमालय ही दोन वेगळी प्रकरणे आहेत हे कळते. उंचीच्या आकड्यांवरून ते कधीच कळले नसते. कळसूबाई १,६४६ मीटर आणि एव्हरेस्ट ८,८४८ मीटर असे एका तक्त्यात घालून मुलांकडून पाठ करून घेणे परीक्षेला सोयीचे असेल, भूगोल म्हणून ते अपुरे आहे. त्या तक्त्यात पर्वत कशाने झाला आणि त्याच्याखाली कवच किती जाड आहे, असे आणखी दोन रकाने पाठ्यपुस्तकात यायला हवेत.