पत्रातले अक्षर वाटेत का बदलते?

आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तुमच्यापैकी बहुतेकांनी तार पाहिलीही नसेल. पण घरातल्या आजी-आजोबांना विचारा, म्हणजे ते शुभेच्छांच्या तारेची एक गंमत सांगतील. सण, लग्न, परीक्षेतील यश अशा प्रसंगी पाठवायची वाक्ये तारखात्याने आधीच ठरवून ठेवलेली असत आणि प्रत्येक वाक्याला एक क्रमांक दिलेला असे. तार करणारा फॉर्मवर तो क्रमांक लिही. तारेतून जाई तो केवळ क्रमांक. पलीकडच्या कचेरीतला कर्मचारी आपल्याजवळचा तक्ता पाही, त्या क्रमांकाचे वाक्य कागदावर उतरवी आणि तो कागद घरी पोचता होई.

ही युक्ती चाले, कारण दोन्ही कचेऱ्यांत तक्ता एकच होता. समजा, एका कचेरीत निराळा तक्ता असता, तर लग्नघरी परीक्षेतील यशाबद्दल अभिनंदन येऊन थडकले असते! यंत्रात बिघाड नाही, क्रमांकही अचूक पोचला, आणि तरी निरोप चुकला.

संगणकावरून पाठवलेल्या ई-मेलमध्ये असा घोटाळा आजही होतो. संगणकाला अक्षर ठाऊकच नसते. त्याला ठाऊक असते संख्या. प्रत्येक अक्षराला एक संख्या द्यायची आणि ती साठवायची किंवा पाठवायची, एवढेच तो करतो. कोणत्या संख्येला कोणते अक्षर, हे तक्त्याने ठरते. अमेरिकेत १९६३ मध्ये असा एक तक्ता ठरला. त्याचे नाव ‘आस्की’. त्यात ० ते १२७ अशा १२८ जागा आहेत. इंग्रजीतले मोठे ‘ए’ म्हणजे ६५, छोटे ‘ए’ म्हणजे ९७. १२८ हा आकडा कुठून आला? सात बिटांतून. एका बिटात ० किंवा १ मावतो. दोनला दोनने सात पदरी गुणले, की १२८ होतात.

इंग्रजीचे काम एवढ्यात भागले. फ्रेंचचे भागेना. फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन या भाषा लिहिताना रोमन अक्षरांच्या डोक्यावर तिरकी रेघ, छोटी टोपी, दोन टिंबे अशी चिन्हे येतात. त्यांना आपण उच्चारचिन्हे म्हणू. ती काही शोभेसाठी नसतात. फ्रेंचमध्ये कोळी आणि पापी या अर्थांचे दोन शब्द आहेत. दोघांची अक्षरे तीच, क्रमही तोच. कोळ्याच्या ‘ई’वर टोपी असते आणि पाप्याच्या ‘ई’वर तिरकी रेघ. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जसा वेलांटीचा फरक, तसाच हा.

संगणकात संख्या आठ बिटांच्या गटाने ठेवतात. त्या गटाला बाइट म्हणतात. आठ बिटांत २५६ संख्या मावतात. म्हणजे आस्कीच्या वर आणखी १२८ जागा मोकळ्याच होत्या. त्यांत ही चिन्हांकित अक्षरे बसवावीत, हे सगळ्यांनाच सुचले. पण ज्याने त्याने ती आपापल्या मनाने बसवली! १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या घरगुती संगणकात या वरच्या जागांपैकी बऱ्याच पडद्यावर चौकटी आखण्याच्या रेघांना दिल्या होत्या आणि उरलेल्यांत काही चिन्हांकित अक्षरे होती. पुढे पश्चिम युरोपसाठी ८५० क्रमांकाचा तक्ता निघाला. त्यात तिरक्या रेघेच्या ‘ई’ला १३० ही संख्या आहे. विंडोज आले ते १२५२ क्रमांकाचा आपला तक्ता घेऊन. त्यात त्याच ‘ई’ची संख्या २३३. जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून विंडोजने काळ्या खिडकीसाठी जुना तक्ता तसाच ठेवला. परिणामी एकाच यंत्रात, एकाच पडद्यावर, दोन खिडक्या दोन तक्ते धरून बसल्या.

ही काळी खिडकी म्हणजे काय, ते सांगायला हवे. संगणकाला काम सांगण्याच्या दोन रीती आहेत. चित्रांवर माउसने टिचकी मारायची, ही एक. दुसरी, आज्ञा शब्दांत लिहायची. जिथे ती लिहितात त्या ओळीला कमांड लाइन म्हणतात. एकच पत्र लिहायचे तर टिचकी बरी. पण तीनशे पत्रे लिहायची असतील, तर तीनशे आज्ञा एका फाइलमध्ये एकाखाली एक लिहून ती फाइल संगणकाच्या हाती देणे सोयीचे. विंडोजवर अशा फाइलला बॅच फाइल म्हणतात.

समजा, फ्रान्समधील एका ग्रंथालयाला वाचकांना पत्रे पाठवायची आहेत. ‘थंडरबर्ड’ या ई-मेल प्रोग्रॅमला कमांड लाइनवरूनच सांगता येते, की पत्र कोणाला, विषय काय, मजकूर काय. ग्रंथपालाने नोटपॅडमध्ये बॅच फाइल लिहिली. पहिल्या वाचकाचे नाव रने. रोमन लिपीत त्याची चार अक्षरे: आर, ई, एन आणि शेवटी तिरक्या रेघेचा ‘ई’. नोटपॅडने १२५२ च्या तक्त्यानुसार फाइलमध्ये चार संख्या लिहिल्या: ८२, १०१, ११०, २३३. आता ही फाइल काळ्या खिडकीने उघडली. तिच्याजवळ ८५० चा तक्ता. ८२, १०१, ११० यांत वाद नाही, कारण १२७ पर्यंत दोन्ही तक्ते सारखे आहेत. पण ८५० च्या तक्त्यात २३३ या जागी बसला आहे तिरक्या रेघेचा मोठा ‘यू’. खिडकीने तोच पुढे केला आणि थंडरबर्डने तो मुकाट्याने पत्रात घातला. ‘प्रिय रने’च्या जागी ‘प्रिय रेनू’सारखे काहीतरी तयार झाले! दोष थंडरबर्डचा नाही. त्याच्या हाती अक्षर पडले तेच मुळी बदललेले.

यातली खोच पाहा. ज्याने ही फाइल तयार केली, त्याने बहुधा इंग्रजी नाव घालून ती तपासली असेल. इंग्रजी नाव १२७ च्या आतच राहते, म्हणून तपासणी नेहमी यशस्वी होते. चूक उघड होते ती खऱ्या रनेला पत्र गेल्यावर.

पत्र ग्रंथालयातून निघाले, तरी वाट अजून बाकी असते. ई-मेल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कशी द्यावी, याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. त्या नियमांत अक्षर सात बिटांचे धरले होते. आठवा बिट शून्य. वाटेतल्या एखाद्या यंत्राने तो बिट खरोखरच शून्य करून टाकला, तर काय होईल? आठव्या बिटाची किंमत १२८. २३३ मधून १२८ गेले, की उरतात १०५. आस्कीत १०५ म्हणजे छोटा ‘आय’. रनेचा झाला रेनी!

रशियन लोकांनी या संकटावर एक नामी तोड काढली होती. त्यांच्या ‘कोई-८’ तक्त्यात प्रत्येक रशियन अक्षर अशा जागी बसवले आहे, की त्यातून १२८ वजा झाले तर शक्य तितके त्याच उच्चाराचे रोमन अक्षर उरावे. उदाहरणार्थ, रशियन छोट्या ‘प’ची संख्या २०८. १२८ वजा केले की ८०, म्हणजे रोमन मोठा ‘पी’. आठवा बिट गळाला, तरी मजकूर रोमन अक्षरांत कसाबसा वाचता येई. मला स्वतःला हा तक्ता फार हुशारीचा वाटतो. तक्ता करणाऱ्याने त्याच्या मोडण्याचाही विचार आधीच केला होता.

ई-मेलपुरता रीतसर तोडगा १९९२ मध्ये नथॅनिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी मांडला. त्याचे नाव ‘माइम’. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, पत्राच्या माथ्यावर तक्त्याचे नाव लिहायचे, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही. दुसरी, १२७ च्या वरची संख्या आस्कीच्याच अक्षरांत लिहून पाठवायची. तिचे सोळाच्या पायावरचे दोन अंक घ्यायचे आणि आधी बरोबरचे चिन्ह जोडायचे. सोळाच्या पायात नऊनंतरच्या अंकांना ए, बी, सी, डी, ई, एफ म्हणतात. २३३ म्हणजे चौदा गुणिले सोळा अधिक नऊ; म्हणून ‘=ई९’. ही तिन्ही चिन्हे सात बिटांची असल्याने वाटेत त्यांना कोणी धक्का लावत नाही.

तक्ते अनेक, हे मूळ दुखणे मात्र राहिलेच. जगातल्या साऱ्या लिप्यांना मिळून एकच तक्ता करायचा, या विचारातून ‘युनिकोड’ निघाले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. एवढ्या मोठ्या संख्या एका बाइटमध्ये मावत नाहीत. त्या बाइटमध्ये कशा वाटायच्या, याची एक पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली. तिला ‘यूटीएफ-८’ म्हणतात. तिचे गणित तुम्हालाही करता येईल. तिरक्या रेघेच्या ‘ई’चा युनिकोड क्रमांक २३३. त्याला ६४ ने भागा: भागाकार ३, बाकी ४१. भागाकारात १९२ मिळवा, बाकीत १२८ मिळवा. आले १९५ आणि १६९. हे दोन बाइट मिळून एक अक्षर.

आणि हेच दोन बाइट जुना तक्ता घेऊन वाचले तर एका अक्षराची दोन अक्षरे दिसतात. १२५२ च्या तक्त्यात १९५ म्हणजे डोक्यावर नागमोडी रेघ असलेला मोठा ‘ए’, आणि १६९ म्हणजे वर्तुळातला ‘सी’, पुस्तकांवर प्रकाशन-हक्कासाठी छापतात तो. ८५० च्या काळ्या खिडकीत १९५ ही तर चौकटीची रेघ आहे! २०१९ पासून विंडोज १० मधील नोटपॅड नवी फाइल आपण होऊन यूटीएफ-८ मध्येच लिहू लागले. त्यामुळे ज्या ग्रंथपालाची नावे पूर्वी एका तऱ्हेने बिघडत, त्याची आता दुसऱ्या तऱ्हेने बिघडतात. उपाय एकच: काळ्या खिडकीला तक्ता बदलायला सांगायचे. नावांच्या ओळी येण्यापूर्वी ‘सीएचसीपी ६५००१’ ही आज्ञा लिहिली, की ती खिडकी यूटीएफ-८ वाचू लागते. फाइल जुन्या १२५२ मध्ये असेल, तर १२५२ म्हणायचे.

दुसरी वाट अशी, की चिन्हांकित अक्षर आज्ञेत लिहायचेच नाही. ‘मेलटू’ या पद्धतीच्या दुव्यात ते टक्क्याचे चिन्ह आणि सोळाच्या पायावरचे अंक अशा रूपात देता येते: ‘%सी३%ए९’. तसा नियमच २०१० मध्ये ठरला आहे. हे अक्षर कोणत्याही तक्त्यातून सुखरूप जाते. फक्त बॅच फाइलमध्ये टक्क्याच्या चिन्हाला स्वतःचा एक अर्थ असल्याने ते दोनदा लिहावे लागते, नाहीतर ते गिळले जाते.

लिनक्सवर हाच घोटाळा वेगळ्या वेषात येतो. तिथे बरेचसे प्रोग्रॅम तक्ता कोणता हे ‘लोकेल’ नावाच्या नोंदीवरून ओळखतात. तुम्ही बसून आज्ञा दिलीत, तर ती नोंद असते. पण तीच आज्ञा रात्री दोन वाजता आपोआप चालावी अशी सोय केली, तर पुष्कळदा ती नोंद त्या वेळी हजर नसते. मग प्रोग्रॅम आस्की धरून चालतो आणि अनोळखी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो. दिवसा बरोबर, रात्री चूक!

हे प्रश्नचिन्ह सगळ्यांत वाईट. का, ते एका खऱ्या पाकिटावरून कळेल. त्याचे छायाचित्र बरेच प्रसिद्ध आहे. एका रशियन विद्यार्थिनीने आपला पत्ता फ्रान्समधील मित्राला ई-मेलने कळवला होता, ‘कोई-८’ तक्त्यात. त्याच्या संगणकाने तो पश्चिम युरोपचा तक्ता घेऊन वाचला. रशियन अक्षरांच्या जागा जवळजवळ सगळ्या १९२ ते २५५ यांत येतात आणि पश्चिम युरोपच्या तक्त्यात त्याच जागी चिन्हांकित अक्षरे आहेत. त्याला दिसली ती नुसती टोप्यांची, टिंबांची आणि तिरक्या रेघांची गर्दी. त्याने ती जशीच्या तशी हाताने पाकिटावर उतरवून काढली! रशियातील टपाल कर्मचाऱ्यांनी हा प्रकार ओळखला, अक्षर न् अक्षर उलटे सोडवून खरा पत्ता लिहिला आणि पाकीट पोचवले. हे जमले, कारण अक्षरे चुकली होती तरी संख्या शाबूत होत्या. एका चुकीच्या अक्षरामागे एकच खरे अक्षर होते. तिथे प्रश्नचिन्हे असती, तर सगळ्या अक्षरांचे एकच चिन्ह झाले असते आणि कोणालाही काही उलगडता आले नसते.

मराठी पत्रही असेच बिघडते. देवनागरी अक्षरांना यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. पश्चिम युरोपच्या तक्त्यात हे म्हणजे उलट्या तिरक्या रेघेचा छोटा ‘ए’ आणि चलनाचे किंवा येनचे चिन्ह. कधी पडद्यावर या जोड्यांची रांगच्या रांग दिसली, तर समजा की मराठीच आहे, तक्ता तेवढा चुकला आहे.

गणित तेच. ‘म’चा क्रमांक २३५०. ६४ ने भागले की भागाकार ३६, बाकी ४६. दोन्हींत १२८ मिळवले की १६४ आणि १७४. पुढे २२४ ठेवला, की झाला ‘म’. आता ‘अ’चा क्रमांक आहे २३०९. त्याचे तीन बाइट तुम्हीच काढा. शेवटचा १३३ यायला हवा. पश्चिम युरोपच्या १२५२ तक्त्यात १३३ म्हणजे ओळीने तीन टिंबे, वाक्य अर्धे सोडताना देतात ती.